पहिले दोन शब्द

आमच्या भावोजींना नोकरी लावून देण्याच्या नादात माझी स्वतःची नोकरी जाता जाता राहिली. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर कोणी बिचकायला नको.

माझं कामच मुळी नोकऱ्या लावून देण्याचं आहे. बाजाराच्या रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. तीन टेबलं, एक कुरकुरणारा पंखा, भिंतीला लावलेली लोखंडी खुर्च्यांची रांग आणि त्या खुर्च्यांवर रोज नवी माणसं. कारखाना बंद पडून घरी बसलेले, पोरं मोठी झाल्यावर पुन्हा कामाला निघालेल्या बायका, आहे त्या नोकरीला विटलेले, सगळे माझ्या टेबलासमोर येतात. बँकेतल्या एका रोखपालाला मी रोपवाटिकेत लावलं आणि तो मजेत आहे. एका निवृत्त फौजदाराला बालवाडीच्या गेटवर उभं केलं, तर आता पोरं त्याच्या मिशा ओढतात आणि तो ओढू देतो. कोणाला कुठे बसवावं हे आपल्याला बरोबर कळतं, असा माझा समज होता. भावोजींनी तो उतरवला.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने प्रॉम्प्टर. एका फिरत्या नाटक कंपनीत त्यांनी पंचवीसेक वर्षं एकच काम केलं. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर नाटकाची वही, डोक्याशी बारीकसा दिवा, आणि रंगमंचावर कोणी वाक्य विसरलं की त्याला ते हळूच द्यायचं. पहिल्या रांगेतल्या माणसालाही त्यांचा आवाज कधी ऐकू गेला नाही, हेच त्यांचं मोठेपण. कंपनीत त्यांना कुजबुजराव म्हणत.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही, असं त्यांचं म्हणणं. नट मुद्दाम थांबलाय की खरंच अडकलाय, हे ओळखता यायला हवं. मुद्दाम थांबलेल्याला वाक्य दिलं तर तो मध्यंतरात येऊन गळा धरतो. म्हणून भावोजी नटाच्या तोंडाकडे बघतच नसत, पायांकडे बघत. "विसरलेल्या माणसाची टाच उचलली जाते," ते सांगायचे, "त्याला तिथून पळायचं असतं ना." आणि टाच उचलली गेली तरी सबंध वाक्य द्यायचं नाही. फक्त पहिले दोन शब्द. पुढचं त्याचं त्याला येतं. हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

मग कंपनी बंद पडली. मालक थकले, आणि त्यांच्या मुलांनी पडद्यांचं गोदाम एका फर्निचरवाल्याला देऊन टाकलं. दुसऱ्या कंपन्यांना प्रॉम्प्टर नको होता, कारण आता म्हणे नट कानात बारीकसं यंत्र घालतात. भावोजी स्टूल घेऊन घरी आले. खरोखरच स्टूल घेऊन. ताईच्या स्वयंपाकघरात फ्रीज आणि दाराची चौकट यांच्यामध्ये जी जरा जागा आहे, तिथे त्यांनी ते ठेवलं आणि तिथेच बसायला लागले. बाहेरच्या खोलीत चांगला सोफा आहे, त्याच्यावर ताईने हौसेने शिवलेले अभ्रे आहेत, पण नाही. माणूस अर्धा दाराआड. घरात कोणी आलं की त्याला आधी भावोजींचे गुडघे दिसायचे.

नवरा दिवसभर घरात बसला की भांडणं होणारच. पण भावोजींशी धड भांडताही येत नाही. ताई कंबरेवर हात ठेवून सुरू व्हायची, "इतकी वर्षं सगळं मी एकटीने ओढलं, तुम्ही गावोगाव हिंडलात, घरात कधी..." आणि रागाच्या भरात तिला पुढचा शब्द सुचेनासा झाला की फ्रीजच्या बाजूने बारीक आवाज यायचा, "काडी इकडची..."

"हो! काडी इकडची तिकडे केली नाहीत!" ताई वाक्य पुरं करायची आणि मग स्वतःवरच चिडून आत निघून जायची. आपल्याला बसणारे बोल आपणच पुरवणारा माणूस! त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

आता ताईचं सांगते, कारण हे सगळं रामायण तिच्या पाठीमुळे घडलं. ताई मोठ्या रुग्णालयात नर्स आहे. मुलगी लहान होती तेव्हा भावोजी सदा दौऱ्यावर, म्हणून दिवसा घरी राहता यावं यासाठी तिने रात्रपाळी मागून घेतली. रात्री सासूबाई मुलीजवळ झोपायच्या. पुढे सासूबाई गेल्या, मुलगी लग्न होऊन दूर गेली, पण रात्रपाळी काही ताईला सोडून गेली नाही. वर्षानुवर्षं जड माणसं कुशीवर वळवून वळवून तिची पाठ कामातून गेली. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, ही रात्रीची उचलापाचल थांबली नाही तर एक दिवस तुम्हीच खाटेवर पडाल आणि तुम्हाला वळवायला दुसरी नर्स लागेल.

हे ताईने मला सांगितलं तेव्हा ती ड्युटीवर निघाली होती. तिला वाकता येत नव्हतं. एक जुनं उलथनं बुटात सारून ती त्याच्यावरून टाच आत सरकवत होती.

"दिवसपाळी मागून घे ना," मी म्हटलं.

"मिळायची नाही. मेट्रन म्हणजे ऐकून घेणारी बाई नाही. नोकरीच सोडावी लागणार." तिने दुसरा बूट पुढे ओढला. "पण मग घरात एक तरी पगार नको का? तू सगळ्या गावाला नोकऱ्या लावतेस. यांना लाव ना कुठेतरी."

म्हणजे गणित सरळ होतं. भावोजींना नोकरी लागली की ताईची पाठ सुटणार. मी पदर खोचला.

"भावोजी, तुम्हाला कसलं काम आवडेल?" मी विचारलं. ते माझ्याकडे बघत राहिले. "दुकानात उभं राहणं जमेल?"

"चालेल."

"गोदामात?"

"चालेल."

"शाळेत शिपाई?"

"चालेल की."

"अहो, चालेल चालेल काय लावलंय? तुमचं स्वतःचं काही म्हणणं असेल की नाही?" त्यांनी तोंड उघडलं, पण माझ्या डोळ्यांसमोर ते उलथनं होतं. "राहू दे. मीच बघते काय ते."

आधी मी त्यांना एका खासगी बसकंपनीत फोनवर चौकशीला लावलं. पंचवीस वर्षं कुजबुजलेल्या माणसाला मोठ्याने बोलताच येत नाही, हे मला तेव्हा कळलं. गाडी किती वाजता सुटते असं कोणी विचारलं की पलीकडून हे अगदी हलक्या, श्वासभरल्या आवाजात उत्तर द्यायचे. दोन बायकांनी तक्रार केली की तुमच्या ऑफिसात कोणीतरी चावट माणूस बसलाय. दुपारच्या चहाआधी भावोजी घरी परत.

मग कपड्यांचं दुकान. तिथे ते गिऱ्हाइकांसमोर येईचनात. माल ठेवायच्या खोलीला पडदा होता, त्याच्याआड उभे राहिले. एक बाई दोन कापडांमध्ये अडकली होती, हे घेऊ की ते असं तिला झालं होतं. पडद्याआडून आवाज आला, "हिरवं घ्या..." बाई किंकाळी फोडून रस्त्यावर. दुकानदाराने मला फोन करून जे सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी हात टेकणार होते, तेवढ्यात ऑफिसात एक जागा आली. एका कॉलेजच्या अभ्यासिकेत देखरेखीला माणूस हवा होता. मुलं वाचत बसतात, त्यांच्यात फिरायचं, गडबड करणाऱ्याला हळू आवाजात समजवायचं, आणि अभ्यासिका बंद झाली की दिवे घालवून जायचं. अटीतच लिहिलेलं होतं, आवाज सौम्य हवा! मी खुर्चीतून उडालेच. जगात एक तरी जागा अशी आहे की जिथे कुजबुजणाऱ्याला पगार मिळतो, आणि ती माझ्या टेबलावर आली होती.

मुलाखतीची तयारी आमच्या घरी झाली. मी संभाव्य प्रश्न काढले, त्यांची उत्तरं लिहिली आणि भावोजींना म्हटलं, करा पाठ. ते वाचायचे सुरेख. कागद काढून घेतला की कोरे. मला वाटलं चेष्टा करतायत.

"भावोजी, एकेका नाटकाचे तुम्ही शेकड्यांनी प्रयोग केलेत. त्यातलं एक, फक्त एक वाक्य म्हणून दाखवा."

त्यांनी खूप विचार केला. "वही माझ्या हातात असायची ना," ते म्हणाले, "पाठ त्यांनी करायचं."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे ज्या माणसाला अख्खं गाव चालतं बोलतं नाटक समजत होतं, त्याला एक ओळही येत नव्हती! मग आमचे हे, म्हणजे माझे यजमान, साहेब होऊन बसले आणि प्रश्न विचारायला लागले. "तुम्ही आमच्याकडे का..." ह्यांना पुढचं आठवेना. भावोजींनी तत्काळ पुरवलं, "येऊ इच्छिता..." प्रश्न सगळे पाठ, उत्तर एकही नाही. तरीही मी रोज घासून घेतलं. आठवड्याच्या शेवटी दोन उत्तरं त्यांच्या डोक्यात टिकली, आणि तेवढ्यावर मी देवाला हात जोडले.

मुलाखतीला आमच्याच ऑफिसातून दोघांची नावं गेली होती. एक भावोजी, दुसरी एक तिशीतली बाई. नवऱ्याच्या बदल्यांमुळे तिने चार गावं पाहिलेली आणि एकाही गावात धड नोकरी झालेली नव्हती. तिच्या मांडीवर एक निळी पर्स, तिच्या बंदाशी ती सारखी चाळा करत होती. कॉलेजच्या प्राचार्यांची पद्धत अशी की दोन्ही उमेदवार एकदमच समोर बसवायचे आणि आळीपाळीने विचारायचं. ऑफिसतर्फे मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर.

प्राचार्यांनी पहिला प्रश्न भावोजींना विचारला. "आमच्याकडेच का यावंसं वाटलं?" हे उत्तर आम्ही चाळीस वेळा म्हटलं असेल. भावोजी गप्प. मी कोपऱ्यातून ओठ हलवले, हात हलवले, शेवटी मान हलवली. भावोजी माझ्याकडे काळजीने बघायला लागले, मलाच काही होतंय की काय म्हणून.

मग प्राचार्य त्या बाईकडे वळले. "समजा, अभ्यासिकेत दोन मुलं भांडायला लागली. काय कराल?"

"मी..." ती म्हणाली. पर्सचा बंद तिने बोटाला गुंडाळला. "म्हणजे मी..." टेबलाखाली तिच्या चपलेची टाच हळूच वर आली. मी ती पाहिली, आणि भावोजीही तिकडेच बघत होते.

"आधी दोघांना..." भावोजी कुजबुजले.

हे माझं उत्तर होतं! मी लिहिलेलं, मी घोटून घेतलेलं! स्वतःसाठी ज्या माणसाला एक अक्षर आठवत नव्हतं, त्याला दुसऱ्यासाठी ते पाण्यासारखं आठवलं. आणि ती बाई सुटली की हो! आधी दोघांना वेगळ्या टेबलांवर बसवीन, मग एकेकाला बाहेर बोलावून ऐकून घेईन, माझीही दोन पोरं आहेत, त्यांचं रोज असंच मिटवते, आणि खरं सांगू का सर, भांडणारी पोरं बहुतेक वेळा भुकेली असतात. प्राचार्य हसले. पण शेजारी बसलेल्या ग्रंथपालबाईंचे कान तिखट होते.

"तुमच्या ऑफिसातून उत्तरं वाटून पाठवता का हो?" त्यांनी थेट मला विचारलं.

प्राचार्य म्हणाले, पहिले दोन शब्द कोणाचे का असेनात, पुढचं बाईंचं स्वतःचं होतं, आणि या गृहस्थांनी तर स्वतःसाठी तोंडच उघडलं नाही. जागा निळ्या पर्सवालीला मिळाली. माझ्या मालकांनी मला दुपारी आत बोलावलं. उमेदवार आपलाच लागला म्हणून निभावलं, पण पुन्हा घरची माणसं ऑफिसात आणलीत तर तुम्हीही त्या लोखंडी खुर्चीवर जाऊन बसा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

तळपायाची आग मस्तकात घेऊन मी ताईच्या घरी गेले. ताईने सगळं ऐकलं आणि नुसतं "बरं" म्हणाली. उलथनं घेतलं, बूट चढवले आणि पिशवी भरायला आतल्या खोलीत गेली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी स्वयंपाकघरात गेले. भावोजी स्टुलावर.

"तुम्हाला काही वाटतं का हो?" मी सुरू झाले. "मी जिवाचा आटापिटा करते, बोलणी खाते, आणि तुम्ही हातातली जागा उचलून तिसरीलाच देता? ती कोण लागते तुमची? तिकडे ताई उलथन्याने बूट घालतेय, दिसतंय ना? जन्मभर दुसऱ्यांना वाक्यं पुरवलीत, तिच्यासाठी एक वाक्य नाही तुमच्याकडे? तुम्ही..."

मी थांबले. पुढचं जिभेवर होतं, पण ते बोलायचं नसतं एवढं मला कळत होतं. भावोजींची नजर माझ्या पायांकडे गेली.

"ताईचं आयुष्य..." ते हळूच म्हणाले.

दोनच शब्द. माझेच, माझ्याच तऱ्हेने. पुढचे माझे मला येत होते, आणि माझ्याच्याने ते उच्चारवेनात. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला रडूच कोसळलं. रागाने की कशाने, कोण जाणे. भावोजींनी उठून पाण्याचा पेला भरला आणि माझ्या हातात दिला.

"ती मेट्रनला विचारतच नाही," ते म्हणाले.

"काय?"

"दिवसपाळीचं. पाठ धरल्यापासून पिशवी मीच पोचवतो ना. पाहिलंय मी. टेबलापाशी जाते, उभी राहते, आणि कापूस संपलाय म्हणून सांगून परत येते. दर वेळी." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "टाच उचलली जाते तिची."

"आणि हे तुम्ही इतके दिवस मला सांगितलं नाहीत?"

ते म्हणाले, "उद्या दुपारी गाडी काढशील? मेट्रन दुपारी पाळ्या लावतात." भावोजींनी आपणहून काही ठरवल्याचं मी प्रथमच पाहत होते, म्हणून भांडण तसंच टाकून मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ताईला गाडीत घालून रुग्णालयात नेलं. मेट्रनचं टेबल वॉर्डाच्या टोकाला, खिडकीपाशी. तपासणीच्या वेळी खाटेभोवती ओढतात तसला चाकांचा हिरवा पडदा शेजारी उभा होता. पडदा दिसताच भावोजी त्याच्यामागे अंतर्धान पावले. त्यांना सांगावंच लागलं नाही. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता, खाली त्यांच्या चपला दिसत होत्या. मी पाण्याच्या टाकीपाशी पेला धरून उभी. ताई टेबलासमोर गेली.

"बोला, सिस्टर," मेट्रन मान वर न करता म्हणाल्या.

"मॅडम, ते... हातमोजे संपत आलेत."

मी डोळे मिटून घेतले. ही माझी बहीण! रात्री-बेरात्री डॉक्टरला फोन करून झापणारी, मरणाच्या दारातल्या माणसाला दटावून परत आणणारी!

"मागवते. आणखी काही?"

ताईच्या पांढऱ्या बुटाची टाच वर आली. आता द्या, मी मनात म्हटलं. द्या ना! पडद्यामागे सामसूम. मेट्रननी मान वर केली. तरी सामसूम. मीच इथून ओरडावं असं मला झालं. ताईने टेबलाची कड धरली, तोंड उघडलं, मिटलं, आणि ती परत फिरणार एवढ्यात, अगदी शेवटच्या क्षणी, तो आवाज आला.

"माझी पाठ..."

"माझी पाठ गेलीय, मॅडम," ताई म्हणाली. आणि मग ती थांबेचना. "वीस वर्षं रात्री जागले, आता नाही होत. बूट घालता येत नाही मला. दिवसपाळी द्या. नाही म्हणालात तर मी नोकरी सोडते, घरी काय खायचं ते बघू. पण मी इथे खाटेवर पडणार नाही, एवढं सांगते."

मेट्रननी पेन खाली ठेवलं. "अहो बाई," त्या म्हणाल्या, "बाह्यरुग्ण विभागात नोंदणीच्या टेबलाला सहा महिने माणूस नाही. रात्रीचा भत्ता बुडतो म्हणून एकही जण तिकडे जायला तयार नाही, आणि मी डोकं धरून बसलेय. तुम्ही विचारायचं तरी!"

"मला वाटलं, तुम्ही ऐकून घेणार नाही."

"आधी कानावर घालाल तर ऐकेन ना! सोमवारपासून जा तिकडे. आणि त्या पडद्यामागे कोण आहे?"

"आमचे हे," ताई म्हणाली.

"त्यांना म्हणावं, नातेवाइकांची वेळ चारनंतर."

झालं. संपलं. बसकंपनी, कापडदुकान, ग्रंथपालबाई, मालकांची बोलणी, आमच्या ह्यांचं साहेब होणं, सगळं कशासाठी? टेबलापाशी उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं म्हणून! परत येताना गाडीत मी दोघांनाही इतकं बोलले की सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नाही.

रात्रीचा भत्ता बुडाल्यामुळे भावोजींना नोकरी करावी लागणारच होती, फक्त आता डोक्यावर टांगती तलवार नव्हती. पुढच्या आठवड्यात ते माझ्या ऑफिसात आले आणि लोखंडी रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसले. त्यांचा नंबर आल्यावर मी त्यांना समोर बसवलं. मालक आतल्या काचेतून बघत होते.

"तर भावोजी, तुम्हाला कसलं काम आवडेल?" मी विचारलं, आणि सवयीने पुढे बोलणार तोच माझं लक्ष टेबलाखाली गेलं. भावोजींची टाच वर आली होती.

मी पेन दातात धरलं. पंखा कुरकुरत होता. रस्त्यावरून एक टेंपो गेला. भावोजी टेबलाच्या कडेकडे बघत होते. मला वाटलं, आता मी फुटेन. शेवटी मी अगदी हळू म्हटलं, "मला आवडेल..." आणि तोंड बंद केलं.

"मला आवडेल," भावोजी म्हणाले, आणि त्यांची टाच खाली टेकली. "संध्याकाळी घरी असायला. दिवसा तू कुठेही लाव. पंचवीस वर्षं संध्याकाळी पडदा वर गेला. दौऱ्यावरून यायचो तेव्हा ती निघालेली असायची, ती यायची तेव्हा मी झोपलेला. आता ती दिवेलागणीला घरी येणार. तेव्हा घरात असायचंय मला."

माझ्या डोक्यात उजेड पडला. "भावोजी, ती अभ्यासिकेची जागा संध्याकाळची होती."

"हो. रात्री नऊपर्यंत."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम..."

"छे छे. त्या बाईंची टाच उचलली होती." चेहरा इतका सरळ की आजतागायत मला खरं काय ते कळलेलं नाही.

"मग हे पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? मी विचारलं होतं की तुम्हाला!"

"विचारलंस," ते म्हणाले, "पण थांबली नाहीस."

या वाक्यावर मी पुढे बरेच दिवस धुमसत होते. माझ्याच टेबलावर, माझ्याच मालकांसमोर मला सुनावतात! तरी त्यांना मी औषधांच्या गोदामात लावलं, सकाळी जायचं, दुपार कलली की सुटी. आलेल्या मालाची यादी त्यांनी वाचायची आणि दुसऱ्याने खोकी बघायची. वही हातात असते, त्यामुळे निभावतंय. फार हळू वाचतात अशी तक्रार आहे, पण पुन्हा नोकरी बघायला माझ्यात त्राण नाही, असं मी गोदामवाल्याला सांगून ठेवलंय.

परवा संध्याकाळी मी सहज ताईकडे गेले. दोघं जेवायला बसली होती, समोरासमोर. स्टूल फ्रीजपाशी नव्हतं, ते ओट्याशेजारी होतं आणि त्याच्यावर धुतलेली भांडी पालथी घातली होती. ताईला रंग चढला होता. "दिवसभर मी तिथे नोंदी करून करून मरते, घरी येते तर तुम्ही दूध उतू घालवलेलं, ओटा तसाच, आणि वर विचारलं तर..." आणि ती अडली. मी सवयीने भावोजींकडे पाहिलं. ते शांतपणे जेवत होते. ताई थांबली होती, मी थांबले होते. घास झाला, दुसरा घास झाला.

"अहो," ताई वैतागून म्हणाली, "द्या की पुढचं!"

"तुझं तुला येईल," भावोजी म्हणाले, आणि चक्क मोठ्याने म्हणाले.